मानेतली नस दबली म्हणतात, पण दुखतोय हात! एमआरआय, पट्टा, ट्रॅक्शन... काय करावं?

खडूफळा

मंडळी, दहावीचे पेपर तपासायला बसले की माझी मान धरते. दरवर्षीचंच आहे. बाम, शेक, दोन दिवस मान न वळवता वर्गावर जाणं, की सुटते. यंदा मान सुटली, पण दुखणं खाली उतरलं. उजव्या पाठीच्या पात्याच्या आतल्या कडेला सतत ठणका. तिथून कळ निघते ती दंडाच्या मागच्या बाजूने थेट मधल्या बोटापर्यंत. बोट सण्ण. खोकला आला की हातात चमक. रात्री कुशीवर वळता येत नाही.

एक्स-रे काढला. त्यावर लिहिलंय की मानेचा नैसर्गिक बाक सरळ झालाय आणि खालच्या दोन मणक्यांमधली गॅप कमी झालीये. आमचे डॉक्टर म्हणाले नस दबलीय, एमआरआय करून घ्या. दुखण्याच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात. शेजारच्या काकू म्हणतात आमच्या गावच्या हाडवैद्याकडे चल, एका झटक्यात बसवतो. मिस्टरांनी मेडिकलमधून मानेचा पट्टा आणलाय.

एक विचित्र गोष्ट. उजवा हात डोक्यावर ठेवून बसलं की कळ बरीच कमी होते. त्यामुळे मी स्टाफरूममध्ये तशीच बसते आणि येणारा जाणारा विचारतो, मॅडम, एवढं काय झालं डोक्याला हात लावायला? निकाल लागायचाय अजून!

कोणी यातून गेलंय का?

बोरिवली_फास्ट

आयटीवाल्यांचं राष्ट्रीय दुखणं आहे हे. मोबाइल डोळ्यांसमोर धरा, उशी फेकून द्या. मान ६० अंश खाली वाकली की मणक्यावर २७ किलो भार येतो, वाचलं नाही का? एमआरआय लगेच करा, म्हणजे कळेल तरी.

निमवैद्य

खडूफळाताई, तुमच्या त्या डोक्यावरच्या हातात एक्स-रेपेक्षा जास्त माहिती आहे. हात वर घेतला की मुळाजवळ नसेवरचा ताण कमी होतो आणि कळ उतरते. मानेतली नस दबलेल्या बऱ्याच पेशंटना हे आपोआप सापडलेलं असतं. निव्वळ खांद्याचं दुखणं असेल तर बहुधा उलट होतं, हात वर करतानाच बोंब उठते.

आता जरा सविस्तर. मानेत मणके सात, नसांच्या जोड्या आठ. हाताकडे जाणारी प्रत्येक नस मज्जारज्जूपासून निघून दोन मणक्यांच्या मधल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडते. खिडकीच्या पुढच्या चौकटीला मणक्यांमधली गादी, मागच्या चौकटीला छोटे सांधे. तरुण माणसात गादीचा मऊ गर बाहेर येऊन नसेला टेकतो. पन्नाशीच्या आसपास गादी सुकून बसलेली असते आणि चौकटीवर हाडाचे काटे वाढलेले असतात, त्यामुळे खिडकीच अरुंद होते. पुष्कळांत दोन्ही थोडं थोडं असतं.

पण नुसत्या दाबाने एवढं दुखत नाही. गादीतला गर नसेला लागला की तिथे दाह होतो, नस सुजते आणि हुळहुळी होते. आग असते ती त्या दाहाची. दाह ओसरला की दुखणं जातं, गादी जागच्या जागी असली तरी. शिवाय बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं. म्हणून काही आठवडे धीर धरा असं सांगतात. ती टाळाटाळ नसते.

कुठली नस ते बोटं सांगतात. ढोबळमानाने:

अंगठा आणि तर्जनी बधिर, कोपर वाकवायला आणि मनगट वर उचलायला जोर कमी: सहावी नस.
मधलं बोट बधिर, कोपर सरळ करून ढकलायला जोर कमी: सातवी. सगळ्यांत जास्त वेळा हीच सापडते.
करंगळी आणि अनामिका, मूठ ढिली: आठवी.
बोटं ठीक, पण खांद्याच्या बाहेरून दुखणं आणि हात बाजूला उचलता येत नाही: पाचवी.

तुमचं वर्णन सातवीचं वाटतं. म्हणून एकच विचारतो, ताकद कशी आहे? दुखतं म्हणून जोर लावत नाही, की लावूनही लागत नाही?

बोरिवलीकर, ते २७ किलोचं गणित २०१४ चं, संगणकावरच्या प्रतिकृतीवर केलेलं आहे. वाकून बसल्याने स्नायू आंबतात हे खरं. पण तेवढ्याने प्रत्येक मोबाइलवाल्याची नस दबते असं त्यातून निघत नाही.

सांजसावली

माझंही असंच होतं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, रात्री मुंग्यांनी जाग यायची. बरेच दिवस मानेवर शेक आणि ट्रॅक्शन, म्हणजे मान ओढून ताण देणं, चाललं आणि शेवटी निघालं मनगटातली नस दबल्याचं! रात्री मनगटाला पट्टी बांधून झोपायला लागले आणि फरक पडला. मान कधी दुखलीच नव्हती माझी.

फिजिओ_मनवा

हे महत्त्वाचं. मनगटाच्या दुखण्यात माणूस झोपेतून उठून हात झटकतो आणि झटकल्यावर बरं वाटतं. मानेच्या दुखण्यात झटकायची हिंमतच होत नाही. मान मागे करून दुखऱ्या बाजूला कलती केली की कळ हातात उतरते. आम्ही तपासताना हेच करून बघतो, पण घरी कोणाकडून मान दाबून घेऊ नका. करंगळीच्या मुंग्या असतील तर कोपरही तपासावं लागतं. काहींना मान आणि मनगट दोन्हीकडे त्रास असतो, मग नसेची विजेची तपासणी उपयोगी पडते.

आप्पा_सातारकर

डाव्या हातात कळ असेल तर आधी ईसीजी काढा आणि मग मानेच्या गप्पा मारा. आमच्या मित्राने नस आखडली म्हणून रात्रभर तेल चोळलं. सकाळी अँजिओप्लास्टी. चालल्यावर, जिना चढल्यावर वाढणारं, छाती आवळणारं, घाम फोडणारं दुखणं मानेचं नसतं.

खडूफळा

@निमवैद्य, ताकदीचं तुम्ही विचारलंत म्हणून मुद्दाम बघितलं. कणीक मळताना उजवा हात कोपरातून मोडतो. दुखत नाही, पण जोरच पोचत नाही. शाळेचं लोखंडी गेट मी आता कमरेने ढकलते. फळ्याच्या वरच्या ओळी पुसताना हात थकतो. मला वाटलं वय.

निमवैद्य

मग हे वय नाही. कोपर सरळ करणारा स्नायू कमजोर पडलाय. घाबरू नका, पण या आठवड्यात हाडांच्या किंवा मेंदू-मज्जेच्या डॉक्टरांना दाखवा. ते हातोडीने कोपरामागची प्रतिक्षिप्त क्रिया बघतील, दोन्ही हातांचा जोर तोलतील. ताकद कमी असेल तर एमआरआय लवकर करण्याला अर्थ आहे. ताकद शाबूत, नुसतं दुखणं आणि मुंग्या असत्या, तर मी म्हटलं असतं महिना-दीड महिना थांबा, पैसे वाचवा.

लेस्टरवासी

इथे इंग्लंडमध्ये तेच करतात. पहिल्या काही आठवड्यांत, ताकद ठीक असेल तर, जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, एमआरआयचं नाव काढत नाही. तेव्हा मी जाम चिडलो होतो. भारतात असतो तर संध्याकाळी रिपोर्ट हातात असता, असं बायकोला ऐकवलंसुद्धा. स्कॅनचा नंबर लागेपर्यंत दुखणं गेलं. तरी तपासणी मात्र जीपीने नीट केली होती, अगदी टाचेवर चालवून, सरळ रेषेत पावलं टाकायला लावून.

पाटलाचा_वाडा

तुम्ही सगळे शिकलेले लोक हाडवैद्याला नावं ठेवाल, पण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मान-कंबर बसवतात. माझी स्वतःची उसण एका मिनिटात घालवली आहे. एमआरआयच्या पैशात वर्षाचं गहू-तांदूळ येतं.

निमवैद्य

पाटील, उसण भरणं म्हणजे स्नायू आखडणं. ती चोळून, दाबून सुटते, याबद्दल वाद नाही. तुमचे वैद्य त्यात हुशारही असतील. पण बोट बधिर आणि हाताचा जोर गेलेला असताना मानेला झटका देणं वेगळं. सुजलेली नस आणखी चिरडली जाऊ शकते. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या वर चढतात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. क्वचित होतं, पण झालं की नेहमीच भरून येतं असं नाही. सलूनमध्ये चंपीनंतर मान कडाकडा मोडून घेणाऱ्यांनाही हेच सांगणं.

पाटलाचा_वाडा

सलूनचं पटलं. बाकीचं बघू.

फिजिओ_मनवा

पट्टा आणि ट्रॅक्शनबद्दल, कारण याच दोन प्रश्नांवर माझी निम्मी ओपीडी जाते.

पट्टा: पूर्वी महिनोन्‌महिने बांधायचे, नंतर एकदम वाईट ठरवला. खरं दोन्हीच्या मध्ये आहे. २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेदरलँड्समधला अभ्यास आला होता. हाताचं दुखणं सुरू होऊन महिना न उलटलेले २०५ रुग्ण. काहींना पट्टा आणि विश्रांती, काहींना फिजिओथेरपी, काहींना नुसतं रोजचे व्यवहार चालू ठेवा. सहा आठवड्यांनी पट्टेवाले आणि फिजिओवाले दोघंही तिसऱ्या गटापेक्षा बरे होते. सहा महिन्यांनी तिन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे पट्टा सुरुवातीचे दिवस सुसह्य करतो, इतकंच. दोन-तीन आठवडे दिवसा बांधा, मग हळूहळू सोडा. आयुष्यभर बांधायचा दागिना नव्हे तो. आणि पट्टा लावून स्कूटर चालवू नका, मान वळत नाही.

ट्रॅक्शन: काहींना मस्त आराम पडतो, काहींना काही नाही, अभ्यासांचेही निकाल उलटसुलट आहेत. तपासणी झाल्याशिवाय नको. दाराला लटकवायची पिशवी आणून घरी तर नकोच.

व्यायाम: कळ जोरात असताना मान गरागरा फिरवणं बंद. नजर समोर ठेवून हनुवटी हलकेच मागे ओढायची, पाती मागे-खाली घ्यायची, एवढंच. यात एक खूण लक्षात ठेवा. व्यायामानंतर दुखणं बोटाकडून कोपराकडे, कोपराकडून मानेकडे सरकत असेल तर योग्य चाललंय, मग मान थोडी जास्त ठणकली तरी चालेल. उलट ते हातात आणखी खाली उतरत असेल तर तो व्यायाम तिथेच थांबवा. कळ ओसरल्यावर मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना जोर आणायचा. नेमके याच टप्प्यावर लोक यायचे बंद होतात.

आणि घरातल्या गोष्टी. सगळे खाली वाकण्याबद्दल बोलतात, पण नस दबलेली असताना जास्त छळतं ते वर बघणं. मान मागे गेली की ती खिडकी आणखी अरुंद होते. वरच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालणं, माळ्यावरचे डबे काढणं, तांब्याने वरून पाणी पिणं! सध्या पेला तोंडाला लावा, सोवळं नंतर बघू. उशी फेकू नका. कुशीवर झोपताना कान आणि गादी यांच्यामधली जागा भरेल एवढी उशी हवी, आणि दुखरा हात दुसऱ्या उशीवर. पालथं झोपायचं नाही. पेपर तपासायला जुन्या पेढीवरच्या मुनिमांचं असायचं तसं उतरतं मेज करून घ्या. तोवर जाडजूड बॉक्सफाइल आडवी ठेवून तिच्यावर पॅड टेकवलं तरी भागेल.

खडूफळा

तांब्याचं शंभर टक्के खरं! दर घोटाला कळ यायची आणि मला वाटायचं गिळण्याचा काही संबंध आहे.

एमआरआय झाला. रिपोर्ट वाचून हातपाय गळालेत. चार ठिकाणी गादी बाहेर, झीज, सी-६-७ ला (सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये) उजवीकडे गादी सरकून नस दबलीय, मज्जेच्या आवरणावर ठसा. सर्जन म्हणाले मज्जारज्जू मोकळा आहे, ताकद थोडीच कमी आहे, सहा आठवडे औषध आणि फिजिओ, दर दोन आठवड्यांनी ताकद तपासू. ऑपरेशनचा निर्णय त्यावर. चार गाद्या सरकल्यात आणि म्हणे थांबू?

निमवैद्य

चारांतली तुमच्या कामाची एकच, सी-६-७ उजवी. बोट, स्नायू आणि चित्र तिघांचं एकमत तिथेच आहे. बाकीच्या तीन कदाचित वर्षानुवर्षं आहेत. जपानमध्ये मानेची काही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचा एमआरआय काढला, २०१५ साली छापून आलं. जवळजवळ ८८ टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, विशीतल्या पोरांच्यासुद्धा बहुतेकांच्या. आवरणावरचा ठसा ऐकायला भयंकर वाटतो, पण प्रत्यक्ष रज्जू दबला आहे का, हा खरा प्रश्न, आणि तो मोकळा आहे. बाक सरळ झाला म्हणजेही बहुधा स्नायू आखडलेत.

तुमच्या सर्जननी योग्य सांगितलंय. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरमध्ये १९७६ ते १९९० या काळातल्या अशा ५६१ रुग्णांची नोंद ठेवली होती. शेवटच्या तपासणीपर्यंत सुमारे ९० टक्के लोकांना त्रास उरला नव्हता किंवा किरकोळ होता. त्यातल्या साधारण चौथाई लोकांचं ऑपरेशन झालं होतं, हेही सांगायला हवं. बाकीचे त्याशिवाय सावरले.

औषधांचं: दुखण्याच्या गोळ्या जेवणानंतर, थोडे दिवस, आणि बीपी-किडनी-अल्सर असेल तर डॉक्टरांना आधी सांगून. नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन दिलं असेल तर रात्री घ्या, सकाळी गुंगी असेल तर दुचाकी नको, आणि मनाने एकदम बंद करू नका. व्हिटॅमिनची गोळी, म्हणजे मेथिलकोबालामिन, शरीरात बी-१२ कमी असेल तर कामाची. आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते कमी असणं नवल नाही, म्हणून रक्त तपासा. दबलेली नस ती मोकळी करत नाही.

आप्पा_सातारकर

मला स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला होता. दुखणं उतरलं, साखर चढली. मधुमेहींनी ग्लुकोमीटर जवळ ठेवा.

गोदाकाठ

ऑपरेशनची भीती असलेल्यांसाठी लिहिते, माझ्या नवऱ्याचं झालंय. त्याचा हात खांद्यातून उचलायचाच बंद झाला आणि दर तपासणीला जोर आणखी कमी. मग थांबले नाहीत. मला वाटलं होतं मान मागून कापतील, तर पुढून! गळ्याच्या सुरकुतीत आडवा छेद, श्वासनलिका-अन्ननलिका बाजूला सारून गादी काढली आणि जागी छोटा पिंजरा बसवून दोन मणके जोडले. काहींना कृत्रिम हलती गादी बसवतात, काहींचं मागून फक्त खिडकी रुंद करतात. कोणाला काय, ते सर्जन ठरवतात. हातातली कळ शुद्धीवर आल्याआल्याच गेली होती. गिळायला मात्र बरेच दिवस त्रास, आवाज घोगरा, पेज आणि मऊ भातावर काढले. बधिरपणा सगळ्यांत शेवटी गेला, अंगठ्याच्या टोकाला अजून थोडा आहे. चेक-अपला दुसरे दोघं भेटले, त्यांचंही तेच: आधी कळ जाते, मग जोर येतो, मुंग्या रेंगाळतात.

मानेतल्या इंजेक्शनबद्दलही विचारलं होतं आम्ही. कंबरेपेक्षा मानेत जोखीम जास्त, अनुभवी माणसाकडे आणि मशीनखाली बघूनच करायचं, असं सांगितलं.

बोरिवली_फास्ट

म्हणजे एमआरआय लगेच नको, लगेच हवा, ऑपरेशन नको, हवं. काहीतरी एक सांगा राव.

फिजिओ_मनवा

ताकद. तीच एक बघा. दुखणं कितीही असो, जोर टिकून आहे किंवा परत येतोय तर थांबायला जागा आहे. दुखणं कमी आणि जोरही कमी होत चाललाय, तर ते बरं होणं नव्हे. ताप, वजन घटणं, रात्री आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला, पडल्या-अपघातानंतरचं दुखणं, यांना मात्र कुठलाच सहा आठवड्यांचा नियम नाही. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे.

नवखी_मी

धागा वाचून पहिल्यांदाच लिहितेय. आई ६८ वर्षांची. मान फार दुखत नाही तिची. पण ब्लाउजचे हूक लागत नाहीत म्हणून गाऊनच घालते, तांदूळ निवडायचे सोडलेत. चालताना झोका जातो. परवा एक चप्पल पायातून निसटली आणि ती तशीच चार पावलं पुढे गेली, तिला कळलंच नाही. सगळे म्हणतात गुडघे आणि वय. एक्स-रेत मानेची झीज दिसली म्हणून सोमवारपासून ट्रॅक्शन सुरू करायचंय. करू ना?

निमवैद्य

नाही. ट्रॅक्शन नको, मालिश नको, मान मोडणं तर नकोच.

या धाग्यावर आतापर्यंत हाताकडे जाणाऱ्या एका नसेबद्दल बोललो. आईचं वर्णन खुद्द मज्जारज्जू दबल्याचं असू शकतं, आणि तो दबताना मान दुखेलच असं नाही. म्हणूनच ते वयावर, गुडघ्यांवर ढकललं जातं. हे थांबून बरं होण्यातलं दुखणं नाही. ऑपरेशनचा मुख्य हेतू आहे ते आणखी बिघडू न देणं, म्हणून उशीर महागात पडतो. न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे सर्जन, शक्य तितक्या लवकर. लघवीला घाईने धावावं लागतं का, की थांबून थांबून होते? आज विचारा.

फिजिओ_मनवा

आणि घरीच बघता येईल असं एक: दोन्ही हात पुढे करून मूठ पटापट वळायची आणि बोटं पूर्ण उघडायची. दहा सेकंदांत वीसच्या आसपास व्हायला हवं. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना आकडा सांगा.

नवखी_मी

अकरा-बारा. आणि बोटं पूर्ण उघडतच नाहीत. लघवीची घाई आहे म्हणे बरेच दिवस, लाजेने बोलली नव्हती. ट्रॅक्शन रद्द केलं. उद्या सकाळची वेळ मिळालीये.

निमवैद्य

छान केलंत. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका, रिक्षावाल्याला खड्डे सांभाळून घ्यायला सांगा, जिन्यात हाताला धरा. जुने एक्स-रे आणि चालू गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करायची असेल तर, सोबत न्या. आणि चपलेचं तुम्ही सांगा, त्या स्वतः सांगणार नाहीत.